पाटीवर माणसांची नावे लिहा: एका वस्तुसंग्रहालयाच्या विश्वस्तांना खुले पत्र

माननीय विश्वस्त मंडळ आणि संचालक यांस,

सविनय नमस्कार.

आपण अलंकारांचे दालन नव्याने सजवून लोकांसाठी खुले केले, त्याला आता बरेच महिने झाले. दालनात शिरल्यावर उजव्या हाताला एक मोठी काचपेटी लागते. तिच्या पाटीवर ‘आफ्रिकन आदिवासी दागिने, विसावे शतक’ एवढेच लिहिले आहे. शेजारी फोटो काढण्यासाठी एक कोपरा केला आहे आणि भिंतीवर मण्यांच्या रंगांचे अर्थ सांगणारा तक्ता लावला आहे. या तिन्हींबद्दल मी आपल्याला लेखी कळवले, भेटीची वेळ मागितली. ‘आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे’ यापलीकडे उत्तर आले नाही. संग्रहालयाचे नाव मी इथे लिहीत नाही. पण तिकीट काढून आत जाणाऱ्या प्रत्येकाला आपण काय पाहतो आहोत हे कळायला हवे, म्हणून हे पत्र सर्वांसमोर ठेवते आहे.

माझा संबंध आधी सांगते. त्या पेटीतल्या काही वस्तू मी दिलेल्या आहेत. पतीच्या नोकरीमुळे आम्ही आधी केनियात नैरोबीला आणि नंतर घानात टेमाला राहिलो. दोन्हीकडे मी शाळेत गणित शिकवले. नैरोबीच्या शाळेतली माझी एक सहकारी काजियाडो भागातली, गुरे पाळणाऱ्या मसाई समाजातली. सुट्टीत ती मला गावी घेऊन जाई. तिची आई दुपारी, गुरे चरायला गेलेली आणि पाणी भरून झालेले असले की, शेजारणींबरोबर बाभळीखाली मणी ओवायला बसे. गळ्यात घालायची मोठी चपटी चकती कशी होते ते मी तिच्या शेजारी बसून पाहिले आहे. तारेत मणी ओवायचे, त्या तारेचे वेढे एकाबाहेर एक वाढवत न्यायचे, आणि ते जागचे हलू नयेत म्हणून मध्ये मध्ये आडव्या पट्ट्या घालायच्या. पूर्वी या पट्ट्या कातड्याच्या असत, आता पुष्कळदा प्लास्टिकच्या असतात. आपल्याकडे असलेली चकती उलटी करून पाहिलीत तर अशी एक पिवळी पट्टी दिसेल, तेलाच्या डब्यातून कापून काढलेली. समोर ना कागद ना नमुना. सहकारीची आई, ज्यांना मी आजी म्हणे, बोटाने मणी सरकवत मनात मोजत असत, आणि एखादा रंग भलत्या जागी पडला तर आख्खा वेढा उसवत. नाचताना बायका खांदे उडवतात तेव्हा ही चकती छातीवर तालात उसळते. ती तशी उसळायला हवी, म्हणून तिला ताठपणा किती ठेवायचा हेही त्यांच्या हाताला ठाऊक होते.

आम्ही केनिया सोडताना त्यांनी ती चकती मला दिली. कुणी केली, कुठे केली, कोणत्या वयाची बाई ती कधी घालते, हे मी त्यांच्या लेकीच्या मदतीने विचारून दोन पानांवर लिहून घेतले. वस्तू आपल्याकडे सोपवताना ती दोन पानेही दिली. आपल्या कार्यालयाने पोच दिली, ती माझ्याजवळ आहे. त्या दोन पानांतला एक शब्दही आज पाटीवर नाही. पिढ्यान्‌पिढ्या शिकत आलेल्या, हिशेबाने आणि निवडीने केलेल्या कामाचे ‘आदिवासी दागिना’ झाले, आणि करणारी बाई नाहीशी झाली.

म्हणून पहिली तक्रार पाटीची. आफ्रिकेत 54 देश आहेत. आपल्या त्या एका पेटीत मला ओळखू आल्या त्या वस्तू अशा: केनिया-टांझानियातल्या मसाईंच्या गळ्यातल्या चकत्या, उत्तर केनियातल्या साम्बुरूंच्या लाल माळा, दक्षिण आफ्रिकेतल्या न्देबेले स्त्रियांची मण्यांनी मढवलेली जाड वेटोळी आणि पुढे बांधायचे पट्टे, झुलूंचे छोटे चौकोनी लोलक, घानातले क्रोबो मणी. नैरोबी ते डर्बन हे अंतरच तीन हजार किलोमीटरहून अधिक आहे. भाषा वेगळ्या, शेतीभाती वेगळी, देव वेगळे, इतिहास वेगळा. शेजारच्याच पेटीत कोल्हापुरी साज आणि ठुशीवर घडणीची पद्धत, गाव आणि साधारण काळ दिला आहे. तीच काळजी इथे घ्यायला कोणती अडचण होती?

दुसरी तक्रार पुतळ्याची, आणि ही मला सर्वांत जास्त लागली आहे. पेटीच्या मधोमध आपण स्त्रीचा एक पुतळा उभा केला आहे आणि हाताला लागेल ते त्याच्या अंगावर चढवले आहे. गळ्यात मसाई चकती, तिच्यावर न्देबेले वेटोळी, पुढे दोन पट्टे एकावर एक. हे दोन पट्टे न्देबेलेंचे आहेत. त्यातला ताठ, चौकोनी पट्टा ‘इसिफेफेतू’. मुलगी वयात आल्याच्या विधीनंतर तो घालते. खालच्या कडेला पाच पाकळ्यांसारखे भाग असलेला ‘इजोगोलो’ विवाहित स्त्रीचा. एकच बाई हे दोन्ही एका वेळी कधीच घालणार नाही. न्देबेले गावातल्या कुणालाही त्या बाईच्या पुढच्या पट्ट्यावरून तिचे आयुष्य कुठवर आले ते लांबूनच कळते. आपण एका अंगावर दोन आयुष्ये चढवली आहेत.

त्याच पुतळ्याच्या कंबरेला मण्यांच्या दोन लांबलचक पट्ट्या गुंडाळल्या आहेत. त्या ‘उमलिंगाकोबे’. मुलगा वयात येण्याच्या विधीसाठी घराबाहेर जातो आणि पुरुष होऊन परततो, त्या काळात आई त्या डोक्यावरून दोन्ही बाजूंना पार जमिनीपर्यंत सोडते. मूल दुरावल्याचे दुःख आणि कर्ता पुरुष घरी आल्याचा आनंद, दोन्ही त्यांत असतात. आईच्या डोक्यावरची ती वस्तू आपण कमरपट्टा म्हणून बांधली आहे.

न्देबेलेंच्या या कामामागे केवढा इतिहास आहे तेही आपल्या पाटीवर यायला हवे होते. 1882-83 मध्ये ट्रान्सवालच्या बोअर (डच वंशाच्या गोऱ्या वसाहतकारांच्या) सरकारशी झालेल्या युद्धात त्यांचा राजा न्याबेला हरला. त्यांची जमीन गेली, आणि माणसे पाच-पाच वर्षांच्या वेठीवर गोऱ्यांच्या शेतांवर वाटली गेली. विखुरलेल्या लोकांनी आपण कोण आहोत हे जपले, त्यात घराच्या भिंतींवरची रंगीत नक्षी आणि अंगावरचे मणी यांचा वाटा मोठा होता, आणि ही दोन्ही कामे बायकांच्या हातची. 1935 साली जन्मलेल्या एस्थर महलांगू यांनी तीच भित्तिनक्षी जगभरच्या कलादालनांत नेली. वेटोळी, पट्टे, भिंती हे सारे एकाच घरातले आहे. एवढे सांगितले तर लहान मूलही त्या पेटीसमोर दोन मिनिटे जास्त उभे राहील.

आता कमरेच्या सरींबद्दल. घानातून मी दिलेल्या तीन सरी आपण पुतळ्याच्या गळ्यात अडकवल्या आहेत. त्या गळ्यातल्या नव्हेत. टेमाला आमच्या शेजारी बाळ झाले, तेव्हा बारशाच्या सुमारास आजीने त्याच्या कमरेला आणि मनगटांना बारीक मण्यांच्या सरी बांधलेल्या मी पाहिल्या. बाळ बाळसे धरू लागले की सर घट्ट होते, मग ती पुन्हा ओवायची. सर सैल पडू लागली की आजी काळजीत. आपल्याकडे बाळाच्या करदोड्याला कुणी वजनकाटा म्हटलेले नसले, तरी त्याची गाठ सोडताना आपल्या आज्यांनीही तेच पाहिलेले असते. मुलगी मोठी झाली की याच सरी महिन्याच्या दिवसांत कापड धरून ठेवायच्या कामी येत. लग्नानंतर त्या कपड्यांआड राहत. चालताना होणारी त्यांची बारीक किणकिण आणि त्यांचे रंग हा नवराबायकोतला मामला. क्रोबो मुलींच्या ‘डिपो’ या वयात येण्याच्या विधीत मात्र कमरेला सरींचे थरच्या थर चढतात आणि सगळ्या गावादेखत मिरवले जातात. त्यांत आजीकडून आईकडे आणि आईकडून लेकीकडे आलेले जुने मणी असतात, म्हणून घराण्याची पत आणि वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद दोन्ही मुलीच्या अंगावर येतात. आज घानातल्या शहरी मुली याच सरी आवडीने उघडपणेही घालतात. तो त्यांचा हक्क आहे आणि मला त्यात काही वावगे वाटत नाही. पण संग्रहालयाने गळा आणि कंबर यांत गल्लत करू नये.

याच मण्यांखाली आपण छोट्या अक्षरांत ‘युरोपीय काच’ असे लिहिले आहे. हे चूक आहे. क्रोबो मणी घानाच्या पूर्व भागात, ओडुमासे क्रोबो आणि आसपासच्या गावांत तयार होतात. फुटक्या बाटल्या उखळात कुटून त्यांची पूड चाळतात, तिच्यात रंग मिसळतात आणि मातीच्या साच्यांतल्या खळग्यांत भरतात. प्रत्येक खळग्याच्या मधोमध कसाव्याच्या (एका कंदपिकाच्या) पानाचा देठ उभा खोचतात. भट्टीत काच वितळून एकजीव होते, देठ जळून जातो, आणि त्याच्या जागी दोरा ओवायला भोक राहते. मग मणी दगडावर वाळू-पाण्याने घासून गुळगुळीत करतात. कोफोरिडुआला दर गुरुवारी मण्यांचा बाजार भरतो, तिथून मी हे मणी घेतले, आणि हेही मी आपल्याला लिहून दिले होते.

आफ्रिकेतली सगळी काच बाहेरून आली, हा समज जुना आहे आणि संग्रहालयांनीच तो पसरवला आहे. नायजेरियातल्या इले-इफे येथे, इग्बो ओलोकुन या ठिकाणी, अकराव्या ते पंधराव्या शतकांच्या दरम्यान काच स्थानिक कच्च्या मालापासून बनत होती, तिचे मणी होत होते. पुरातत्त्वज्ञ आबिदेमी बाबालोला यांच्या उत्खननाने आणि रासायनिक तपासणीने हे दाखवून दिले आहे. त्याच्या कितीतरी आधी, दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लोम्बोस गुहेत सुमारे 75,000 वर्षांपूर्वीचे शिंपल्यांचे मणी सापडले. शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणीही तिथे हजारो वर्षे होत आले आहेत. अंगावर मणी घालण्याच्या माणसाच्या सवयीचे सर्वांत जुने पुरावे त्याच खंडात आहेत, आणि आपण तिथल्या मण्यांना ‘विसावे शतक’ या दोन शब्दांत गुंडाळतो.

युरोपची काच आली, हे खरेच. व्हेनिसचे आणि बोहेमियाचे (आजच्या चेक प्रजासत्ताकातले) मणी एकोणिसाव्या शतकात ढिगांनी पूर्व आफ्रिकेत उतरले. चेक मणी मसाई बायका आजही पसंत करतात, कारण त्यांचा आकार सारखा आणि रंग पक्का. पण घेणारे भोळे होते आणि चकाकणारे काहीही त्यांना चाले, ही कल्पना सोडा. 1883 साली मसाई मुलखात निघालेला स्कॉटिश प्रवासी जोसेफ थॉमसन तावेता येथे अडकून पडला. मसाई विशिष्ट लांबीच्या ओवलेल्या सरीच घेतात हे त्याला तिथे कळले, आणि बरोबरचे सगळे मणी पुन्हा ओवून घेतल्याशिवाय त्याला पुढे जाता येईना. कोणत्या रंगाला कुठे मागणी आहे हे ठाऊक नसलेले तांडे नुकसानीत जात. भाव आणि पसंती घेणाऱ्याच्या हातात होती. आणि हेही लिहा की याच मण्यांच्या मोबदल्यात हस्तिदंत, सोने आणि माणसेही विकली गेली.

यात आपल्या कोकणाचाही धागा आहे. चौल-रेवदंडा हे रायगड जिल्ह्यातले जुने बंदर. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी चौलला उत्खनन केले. तिथे मिळालेल्या काचमण्यांच्या रासायनिक घटकांशी केनियाच्या किनाऱ्यावर मिळालेल्या मण्यांचे घटक जुळतात, आणि आफ्रिकेच्या दक्षिण भागातले पंधराव्या ते सतराव्या शतकांतले काही मणीही त्याच पश्चिम भारतीय काचेच्या जातीचे आहेत. त्याही आधी, लिम्पोपो नदीकाठच्या मापुन्गुब्वे परिसरातले कारागीर समुद्रापलीकडून आलेले बारीक मणी वितळवून साच्यात त्यांचे मोठे नवे मणी करत. चौलच्या समुद्राचे वारे खाल्लेली माणसे या राज्यात घरोघरी आहेत. त्यांना हे सांगणारे संग्रहालय हाताशी असून एक ओळ लिहीत नसेल, तर हे आम्ही कुठे जाऊन वाचावे?

तिसरी तक्रार रंगांच्या तक्त्याची. ‘लाल म्हणजे शौर्य, पांढरा म्हणजे पावित्र्य, निळा म्हणजे आकाश, हिरवा म्हणजे भूमी’ अशी यादी करून वर ‘आफ्रिकन मण्यांची भाषा’ असे शीर्षक दिले आहे. ही यादी ढोबळ मानाने मसाईंची. त्यांच्याकडे लाल रंगात रक्त आणि धैर्य येते, पांढऱ्यात दूध, निळ्यात पाऊस देणारे आकाश, हिरव्यात गुरांचे गवत. पण मसाईंमध्येही प्रत्येक शाखेच्या रंगांची मांडणी वेगळी, आणि तरुण योद्ध्यांची नवी पिढी आली की तिच्यासोबत नवे नमुने येतात. आजी मला कधीही ‘लाल म्हणजे अमुक’ असे म्हणाल्या नाहीत. लालच्या शेजारी काय येते, मध्ये पांढरा घालून तो कुठे तोडायचा, याविषयीच त्या बोलत.

झुलूंकडे गणित आणखी वेगळे. मुली आपल्या आवडत्या मुलासाठी मण्यांचे लहान लोलक विणत आणि त्यांतून मनातले सांगत. त्यांना पत्रेच म्हणतात. पांढरा प्रेमाचा, पण काळा कधी लग्नाचा तर कधी दुःखाचा. हिरवा समाधानाचाही आणि आजारपणाचाही. पिवळा संपत्तीचाही आणि मत्सराचाही. कोणता अर्थ घ्यायचा ते शेजारच्या रंगावर, त्या गावावर आणि त्या दोघांमध्ये आधी काय घडले होते यावर अवलंबून. क्वाझुलु-नाताल प्रांतातल्या म्सिंगा भागात तर रंगांचे ठरलेले संच आहेत, ‘इसिशुन्का’ त्यांपैकी एक. संचावरून घालणारी मुलगी कोणत्या भागातली ते कळते. आपल्या तक्त्याने हे सारे पुसून खंडभरासाठी एकच कोष्टक केले. शाळेच्या सहलीतली मुले तो तक्ता वहीत उतरवून घेतात, शिक्षक त्यावर प्रश्न विचारतात. मी शिक्षिका होते, म्हणून हे मला जास्त टोचते.

चौथी तक्रार फोटोच्या कोपऱ्याची. तिथे गवती झोपडीचा रंगवलेला पडदा आहे, चेहऱ्यासाठी भोक ठेवलेली काळी आकृती आहे, तिचे ओठ जाड आणि लालभडक रंगवले आहेत, आणि खाली टोपलीत प्लास्टिकच्या मण्यांच्या चकत्या, भाले आणि झालरीचा एक मुकुट ठेवला आहे. लोक त्या आकृतीत तोंड घालून जीभ बाहेर काढून फोटो घेतात. आपले कर्मचारी त्यांना तसे करायला सुचवतात, हे मी स्वतः ऐकले आहे.

तो मुकुट बहुधा नायजेरियातल्या योरुबा राजांच्या मुकुटावरून केला आहे. तोंडावर मण्यांची झालर सोडलेला मुकुट घालण्याचा अधिकार योरुबांमध्ये मोजक्या राजांनाच असतो. 1903 साली एका राजाने तो अधिकार नसताना घातला अशी तक्रार झाली, तेव्हा लागोसचे ब्रिटिश गव्हर्नर मॅक्ग्रेगर यांच्यासमोर साक्ष देण्यासाठी इले-इफेचे ओनी (राजे) पहिले ओलुबुसे स्वतः लागोसला आले. मण्यांचा मुकुट कुणी घालावा हा राज्याचा प्रश्न होता. आणि 1961 मध्ये भूमिगत असताना नेल्सन मंडेला यांनी एली वाइनबर्ग यांच्या कॅमेऱ्यासमोर गळ्यात पारंपरिक मण्यांची रुंद माळ घालून उभे राहायचे ठरवले, तेव्हा आपण कुणाचे वंशज आहोत हे ते गोऱ्या सरकारला सांगत होते. हीच परंपरा आपण टोपलीत टाकून खेळायला दिली आहे.

पुण्या-मुंबईत शिकायला आलेल्या आफ्रिकी मुलामुलींना घर भाड्याने घेताना, रिक्षात बसताना काय ऐकावे लागते हे आपल्यालाही ठाऊक असेल. माझ्या ओळखीच्या एका केनियन विद्यार्थिनीला मी मोठ्या हौसेने आपल्याकडे घेऊन आले होते. ती पुतळ्यासमोर बराच वेळ उभी राहिली आणि मग मला विचारले, “मॅडम, हे आमच्यापैकी नक्की कोण आहे?” मला उत्तर देता आले नाही. फोटोच्या कोपऱ्यापर्यंत ती आलीच नाही.

आता एक नाजूक बाब. पेटीच्या खालच्या फळीवर पितळी तारेची, सर्पिल आकाराची दोन मोठी वेटोळी ठेवली आहेत, ‘पदके’ अशी चिठ्ठी लावून. माझी नजर चुकत नसेल तर ती ‘इसुरुतिया’ आहेत, विवाहित मसाई स्त्रीची खूण. आजींची इसुरुतिया त्यांनी मला हौसेने दाखवली, हातात घेऊ दिली आणि पुन्हा अंगावर चढवली. ती द्यायची वस्तूच नव्हे. ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयात 2017 साली टांझानियातले मसाई कार्यकर्ते सॅमवेल नांगिरिया आले, आणि तिथल्या चिठ्ठ्या चुकीच्या आहेत व काही वस्तू समाजाबाहेर जायलाच नको होत्या, असे त्यांनी सांगितले. त्या वस्तूंत इसुरुतियाही होती. संग्रहालयाने नंतर केनिया आणि टांझानियातून मसाई प्रतिनिधींना बोलावून घेतले, वस्तू त्यांच्या हाती दिल्या, त्यांचे ऐकून घेतले. आपल्याकडची जोडी कुणी, कधी, कोणाकडून आणली, याची नोंद आपल्या रजिस्टरमध्ये आहे का? असेल तर ती लोकांना दाखवा.

मी या परंपरांचे गोडवे गाण्यासाठी हे लिहिते आहे असे कुणी समजू नये. साम्बुरूंच्या लाल माळांबद्दल खरे सांगायचे, तर तरुण योद्धा अल्पवयीन मुलीला मणी देतो आणि त्या बदल्यात तिच्याशी शरीरसंबंधाचा हक्क मिळवतो, अशी प्रथा त्या समाजात आहे. त्या मुलींच्या वाट्याला काय येते ते भयंकर आहे. साम्बुरूंमधल्याच जोसेफिन कुलिया यांनी संस्था उभारून अशा मुलींची सुटका केली, त्यांना शाळेत घातले. पाटीवर हेही हवे. माणसांची म्हणून ओळख करून द्यायची तर त्यांची भांडणे आणि त्यांनी स्वतः उभारलेले लढेही आले.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

फोटोचा कोपरा, ती काळी आकृती आणि टोपली या महिन्यात काढून टाकावी. यासाठी समिती नेमण्याची गरज नाही.

पुतळा उतरवावा. प्रत्येक वस्तूला स्वतंत्र पाटी असावी: कोणता समाज, कोणता देश आणि भाग, करणारी व्यक्ती माहीत असेल तर तिचे नाव, कोण कधी आणि शरीरावर कुठे घालते, मणी कुठले, वस्तू संग्रहालयात कशी आली. जे आपल्याला माहीत नसेल तिथे ‘माहिती उपलब्ध नाही’ असे स्पष्ट लिहावे. रंगांचा तक्ता काढावा. तक्ताच हवा असेल तर एका समाजाचा, एका भागाचा, नीट चौकशी करून लावावा.

इसुरुतिया वाटणारी जोडी प्रदर्शनातून बाजूला ठेवावी, तिची नोंद जाहीर करावी, आणि केनियाच्या राष्ट्रीय संग्रहालयांमार्फत मसाई प्रतिनिधींशी पत्रव्यवहार सुरू करावा. पुढे काय करायचे ते त्यांना ठरवू द्यावे.

विक्रीकेंद्रातल्या ‘मसाई’ छापाच्या किल्लीसाखळ्या आणि पिशव्या थांबवाव्यात. आपल्या नावाच्या आणि नक्षीच्या व्यापारी वापरावर हक्क सांगण्यासाठी मसाईंनी बौद्धिक संपदेचा उपक्रम सुरू केला आहे, आणि ब्रिटनमधल्या एका कपडे कंपनीने त्यांच्याशी रीतसर परवाना करार केला आहे. ते शक्य आहे. विकायचेच असेल तर बायकांच्या सहकारी गटांकडून त्यांनी केलेले काम त्यांच्या भावाने मागवावे.

नव्या पाट्या लिहिताना इथे शिकणाऱ्या आफ्रिकी विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या देशांतल्या जाणकारांना मानधन देऊन सामील करून घ्यावे. चौल आणि पूर्व आफ्रिका यांच्यातल्या मण्यांच्या व्यापारावर एक स्वतंत्र फलक असावा. त्यासाठी लागणारे संशोधन पुण्यात, आपल्याच भाषेत बोलणाऱ्या माणसांकडे आहे. मुलांनी काही अंगावर घालून पाहावे असे वाटत असेल, तर त्यांना मणी आणि दोरा द्या, ओवायला बसवा. अर्ध्या तासात त्यांना या कामाची किंमत कळेल.

येत्या दिवाळीपर्यंत आपण यावर लेखी निर्णय कळवावा. निर्णय होत नसेल तर मी दिलेली गळ्यातली चकती आणि कमरेच्या तीन सरी मला परत द्याव्यात. देणगीपत्रावर परतीची अट नाही याची मला कल्पना आहे, म्हणून ही विनंती समजावी. चकती मी काजियाडोला पोचवेन. आजी आता नाहीत, त्यांची लेक आहे. सरींचे काय करायचे ते टेमाच्या शेजाऱ्यांना विचारेन.

त्या दोन पानांची प्रत मी या पत्रासोबत पुन्हा पाठवते आहे. मूळ पाने हरवली असतील तर ही वापरावी. काजियाडोच्या आजींचे नाव पहिल्या पानावर, वरून तिसऱ्या ओळीत आहे.

आपली,
संग्रहालयाची एक देणगीदार